अनोळखी रेडिओची ओळख

जुने घर पुनर्विकासासाठी रिकामे करावयाचे ठरले की माळ्यावरील वस्तूंची वाटणी दोनच गटांत होते : ठेवायचे आणि भंगारात द्यायचे. तांब्यापितळेची भांडी पहिल्या गटात जातात, मोडक्या खुर्च्या दुसऱ्यात. या दोहोंच्या मध्ये हमखास अडून बसते ती एक जड पेटी. समोर पिवळट पडलेली काच, तिच्यावर अर्धवट पुसलेली अक्षरे, दोन किंवा चार बटणे, मागचा पुठ्ठा निखळलेला आणि नाव सांगणारी पट्टी कधीच गळून पडलेली. घरातील कोणी सांगते, आजोबांनी महायुद्धाच्या बातम्या याच रेडिओवर ऐकल्या. दुसरे कोणी म्हणते, छे, हा तर धाकट्या आत्याच्या लग्नानंतर घरात आला. भंगारवाल्याच्या लेखी मात्र त्यात तांब्याच्या तारेची दोन वेटोळी आणि लोखंडाचा सांगाडा एवढाच ऐवज असतो.

निनावी वाटणारा हा रेडिओ प्रत्यक्षात क्वचितच निनावी असतो. तो कोठे, केव्हा आणि कोणत्या वीजपुरवठ्यासाठी बनला, हे त्याच्या पोटात व पाठीवर ठिकठिकाणी लिहिलेले असते. ते वाचण्याची एक रीत आहे. इतिहासाचे अभ्यासक जे तत्त्व जुन्या कागदपत्रांना लावतात तेच येथेही लागू पडते : कोणतीही वस्तू तिच्या अंगावरील सर्वांत अलीकडच्या मूळ खुणेहून जुनी असू शकत नाही. या वाक्यातील ‘मूळ’ हा शब्द महत्त्वाचा. आपल्याकडे रेडिओ ही एकदा घ्यायची आणि पुढे वीस-पंचवीस वर्षे दुरुस्त करीत राहायची वस्तू होती. त्यामुळे कारखान्याने काय घातले आणि मेकॅनिकने काय घातले, हे वेगळे करता आल्याखेरीज कोणतीही खूण निर्णायक ठरत नाही.

आधी ओळख, मग वीज

असा रेडिओ हाती लागताच पहिली ऊर्मी होते ती तो लावून पाहण्याची. ती आवरली पाहिजे. पन्नास-साठ वर्षे निजलेल्या यंत्रातील मेणकागदी कंडेन्सर गळके झालेले असतात, रबरी आवरणाच्या तारा कडक होऊन तडकलेल्या असतात आणि वीजपुरवठा सुरळीत करणारे मोठे कंडेन्सर आतून सुकलेले असतात. खटका दाबताच धूर निघणे हा त्यातला सौम्य प्रकार. ट्रान्सफॉर्मर जळाला तर नेमका तसाच दुसरा मिळणे आज दुरापास्त आहे. याहून गंभीर गोष्ट अशी की, काही रेडिओंत घरातील विजेची एक तार थेट धातूच्या चॅसिसला जोडलेली असते. बटण निखळून उघड्या पडलेल्या दांड्याला स्पर्श झाला तरी झटका बसतो आणि तो जीवघेणा ठरू शकतो. तेव्हा ‘हा कोणत्या विजेवर चालतो’ हा ओळख पटविण्यातील पहिला प्रश्न होय, आणि त्याचे उत्तर वीज न देताच शोधावयाचे असते.

पुष्कळदा हे उत्तर मॉडेल क्रमांकाच्या अखेरच्या अक्षरातच असते. मागच्या पुठ्ठ्यावर किंवा चॅसिसच्या पत्र्यावर ठसविलेला क्रमांक शिल्लक असेल तर तो प्रथम टिपून घ्यावा. फिलिप्सच्या अनेक मॉडेलांत शेवटी ‘ए’ असल्यास रेडिओ केवळ एसी विजेवर चालणारा, ‘यू’ असल्यास एसी व डीसी दोन्हींवर चालणारा, ‘बी’ असल्यास बॅटरीचा आणि ‘टी’ असल्यास ट्रान्झिस्टरचा. बुशच्या ‘डीएसी ९०’ या इंग्लंडमध्ये गाजलेल्या मॉडेलाच्या नावातच डीसी व एसी दोन्ही आले आहेत. आज दोन्ही विजांवर चालणारा रेडिओ कशाला, असे वाटेल. परंतु कोलकात्यासारख्या शहराच्या काही भागांत दीर्घकाळ डीसी पुरवठा होता आणि बदली होऊन गावोगाव फिरणाऱ्या नोकरदाराला असा रेडिओ सोयीचा पडे. शिवाय त्यात ट्रान्सफॉर्मर नसल्याने तो स्वस्त व हलका असे. जिवंत चॅसिसचा धोका याच जातीत आहे.

व्हॉल्व्हवरील अक्षरे

मॉडेल क्रमांक नसला तर व्हॉल्व्हकडे वळावे. पाठीमागून टॉर्चच्या उजेडात पाहिले तर काचेच्या नळ्यांवर अक्षरे व आकडे दिसतात. ती पांढऱ्या रंगात छापलेली असून बोटाच्या साध्या पुसण्यानेही निघून जातात. म्हणून फडके फिरविण्यापूर्वी ती वाचून कागदावर उतरवून घेणे, आणि कोणता व्हॉल्व्ह कोणत्या जागी आहे याचा छोटा आराखडा काढणे, हे पहिले काम. अक्षरे पुसट झाली असतील तर काचेवर तोंडाने वाफ सोडावी. छापलेल्या जागी बाष्प वेगळ्या रीतीने जमते आणि क्षणभर क्रमांक उमटतो. काहीजण व्हॉल्व्ह थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवून हेच साधतात.

युरोपीय व्हॉल्व्हच्या नावात एक संपूर्ण व्याकरण दडलेले आहे. पहिले अक्षर तापणाऱ्या तंतूविषयी सांगते. ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्ट, अशा रेडिओत बहुधा ट्रान्सफॉर्मर असतो. ‘यू’ म्हणजे १०० मिलिअँपिअर प्रवाहावर एकापाठोपाठ एक जोडलेले तंतू. हा एसी-डीसी रेडिओ. ‘डी’ म्हणजे सुमारे १.४ व्होल्ट, हा कोरड्या बॅटरीचा, म्हणजे बहुधा वीज न पोहोचलेल्या गावातला. पुढील अक्षरे व्हॉल्व्हचे काम सांगतात : ‘सीएच’ असल्यास तो आलेल्या लहरीची कंप्रता बदलणारा, ‘एफ’ असल्यास ती वाढविणारा, ‘एल’ असल्यास स्पीकरला जोर देणारा, ‘वाय’ किंवा ‘झेड’ असल्यास एसीचे डीसी करणारा. ‘एम’ हे अक्षर त्या हिरव्या चमकणाऱ्या ‘मॅजिक आय’चे. स्टेशन नीट लागले की त्याची हिरवी पापणी मिटत जाते, हे पाहण्यासाठी घरातील मुले रेडिओसमोर बसून राहत.

त्यानंतरचा आकडा काळ सांगतो. एकच आकडा असेल आणि व्हॉल्व्हच्या बुडाला पायांऐवजी कडेने धातूची टोके असतील, तर रचना १९३० च्या दशकातील. दोन आकड्यांतील पहिला ३ असल्यास आठ पायांचे जाड बूड. ही पद्धत १९३५ मध्ये अमेरिकेत आली व लवकरच सर्वत्र रूढ झाली. ४ असल्यास महायुद्धानंतर लगेच निघालेली ‘रिमलॉक’ जात. ८ असल्यास नऊ बारीक पायांची संपूर्ण काचेची नळी, म्हणजे १९५० चे दशक किंवा त्यानंतरचा काळ. भारतातील घरांतून आज सापडणाऱ्या व्हॉल्व्ह रेडिओंत ही शेवटची जात वारंवार भेटते.

या व्याकरणाचा उपयोग किती व्यावहारिक आहे हे एका साध्या बेरजेवरून दिसेल. समजा, नाव नसलेल्या एका रेडिओत यूसीएच ८१, यूबीएफ ८९, यूसीएल ८२ आणि यूवाय ८५ असे चार व्हॉल्व्ह आहेत. त्यांच्या तंतूंना अनुक्रमे १९, १९, ५० आणि ३८ व्होल्ट लागतात, बेरीज १२६. घरातील वीज २३० व्होल्टची. म्हणजे उरलेले १०४ व्होल्ट कोठेतरी जिरवावे लागणार. ते काम करणारी जाड, तापणारी रेझिस्टन्सची नळी चॅसिसवर दिसलीच पाहिजे. ती दिसली की ओळख पक्की झाली : रेडिओ एसी-डीसी, रचना १९५० च्या दशकातील किंवा नंतरची, चॅसिस विजेशी थेट जोडलेला असण्याचा संभव.

आता दुसरे उदाहरण पाहू. परदेशातून परतलेल्या कोणी आणलेल्या लहानशा रेडिओत १२एसए७, १२एसके७, १२एसक्यू७, ५०एल६ आणि ३५झेड५ असे पाच व्हॉल्व्ह निघतात. अमेरिकी पद्धतीत नावाच्या सुरुवातीचा आकडा हाच तंतूचा ढोबळ व्होल्ट. त्यामुळे बेरजेला कोष्टकही लागत नाही : तीन वेळा १२, त्यात ५० आणि ३५, मिळून १२१. अमेरिकेतील घरगुती वीज साधारण तेवढीच असल्याने हा रेडिओ तेथे कशाच्याही मध्यस्थीविना भिंतीला लागे. लक्षावधी घरांत वापरल्या गेलेल्या या रचनेला तिकडे ‘ऑल अमेरिकन फाइव्ह’ असे लाडके नाव आहे. तोच रेडिओ आपल्या २३० व्होल्टला थेट लावला तर तो कायमचा मुका होण्यास काही सेकंद पुरतात. अशी यंत्रे त्यांच्या स्वतःच्या दोषाने गेलेली नसतात, ती ओळख न पटविता लावल्यामुळे जातात.

काही व्हॉल्व्ह आपली जन्मतारीखही सांगतात. फिलिप्स व मुलार्ड यांच्या नळ्यांवर काचेच्या तळाशी करड्या रंगाचा एक बारीक संकेत असतो. त्याच्या दुसऱ्या ओळीत ‘बी ५ डी २’ असे काही वाचता आले, तर ‘बी’ म्हणजे इंग्लंडमधील ब्लॅकबर्नचा कारखाना, ५ हा वर्षाचा शेवटचा आकडा, ‘डी’ म्हणजे चौथा महिना आणि २ म्हणजे दुसरा आठवडा. वर्ष १९५५ की १९६५, हे मात्र इतर पुराव्यांवरून ठरवावे लागते. अमेरिकी स्पीकर व बटणांमागील व्हॉल्यूम कंट्रोल यांवरही असाच संकेत असतो. पहिले तीन आकडे उत्पादकाचे, पुढचे वर्षाचे व आठवड्याचे. २२०८३१ असा आकडा असेल तर २२० म्हणजे जेन्सन ही स्पीकर बनविणारी कंपनी, आणि तारीख १९४८ किंवा १९५८ च्या एकतिसाव्या आठवड्याची. घरच्यांना ठाऊक नसलेली तारीख अशी स्पीकरच्या पाठीवर छापलेली असते.

डायलवरची गावे

सर्वांत रंजक पुरावा मात्र समोरच, डायलच्या काचेवर असतो. तिच्यावरील अक्षरे बहुधा काचेच्या मागील बाजूस छापलेली असतात आणि ओल्या फडक्याने ती थरासकट निघून येतात. उत्साहाने चकचकीत केलेल्या कितीतरी काचांवर आज एकही गाव उरलेले नाही. ही काच आतून पुसूच नये.

या गावांचा इतिहास आपल्या नभोवाणीचा इतिहास होय. मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव १९३६ मध्ये आले. फाळणीच्या वेळी या संस्थेच्या नऊ केंद्रांपैकी दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली व लखनौ ही सहा भारतात राहिली, तर लाहोर, पेशावर आणि ढाका ही तीन पाकिस्तानात गेली. म्हैसूर, त्रिवेंद्रम, हैदराबाद, औरंगाबाद व बडोदे येथे संस्थानांची आपापली केंद्रे होती. डायलवर दिल्ली-मुंबईच्या पंगतीत लाहोर व पेशावर बसलेले असतील, तर रेडिओ फाळणीपूर्वीचा असण्याची शक्यता बळावते. बळावते एवढेच, कारण परदेशी कारखाने जुने डायल पुढेही काही काळ वापरीत आणि लाहोर ऐकू येणे फाळणीने थांबले नव्हते. येथे आरंभी सांगितलेले तत्त्व उपयोगी पडते. डायलवर कोणते जुने गाव आहे यापेक्षा सर्वांत नवे गाव कोणते, हे शोधावे. नागपूरचे केंद्र १९४८ मध्ये सुरू झाले, पुण्याचे १९५३ मध्ये. डायलवर ‘पूना’ छापलेले असेल तर तो रेडिओ १९५३ पूर्वीचा असणे जवळजवळ अशक्य. मग त्यावर महायुद्धाच्या बातम्या ऐकल्याची आठवण घरातल्या दुसऱ्या, आधीच्या रेडिओची असली पाहिजे. अशा प्रसंगी आठवण खोटी ठरत नाही, फक्त तिचा रेडिओ बदलतो.

गावेच नसतील तर आकडे बोलतात. कंप्रता किलोसायकलमध्ये दिली असेल तर डायल जुना; ‘हर्ट्झ’ हे एकक आंतरराष्ट्रीय पद्धतीत १९६० मध्ये स्वीकारले गेले आणि रेडिओंवर हळूहळू रुळले. एक ते दोन हजार मीटरचा लाँग वेव्ह पट्टा असेल तर रेडिओ युरोपातील श्रोत्यांसाठी बनलेला, कारण भारतात त्या पट्ट्यावर प्रक्षेपण नव्हतेच. उलट ६० व ९० मीटरच्या आसपासचे पट्टे मोकळेपणाने दिलेले असतील तर तो उष्ण प्रदेशांसाठी खास काढलेला. आकाशवाणीने हे पट्टे देशातील श्रोत्यांसाठी पुष्कळ वापरले. जर्मन रेडिओवर ‘यूकेडब्ल्यू’ अशी अक्षरे आणि ८७ ते १०० चे आकडे दिसले तर तो तेथील एफएम पट्टा. रचना १९५० च्या सुमाराची किंवा नंतरची. असा रेडिओ येथे आला तेव्हा त्या पट्ट्यावर केवळ खरखर ऐकू येत असणार, कारण भारतात एफएमचा प्रारंभच १९७७ मध्ये मद्रासला झाला. पट्टा ६५ ते ७३ मेगाहर्ट्झच्या दरम्यान असेल तर यंत्र सोव्हिएत संघातील किंवा पूर्व युरोपातील. आणि मीडियम वेव्हवर ६४० व १२४० या दोन जागी छोटे त्रिकोण दिसले तर तो रेडिओ अमेरिकेत १९५३ ते १९६३ या अवघ्या दहा वर्षांत विकला गेलेला. अणुहल्ल्याच्या प्रसंगी सर्व केंद्रे बंद करून सूचना या दोनच जागी ऐकविण्याची तेथील योजना होती व प्रत्येक रेडिओवर त्या खुणा सक्तीच्या होत्या.

डायलवर वापरणाऱ्यांच्याही खुणा असतात. २५ किंवा ४१ मीटरपाशी लावलेला नेलपॉलिशचा ठिपका पाहून रेडिओ सिलोनची आठवण न येणारा त्या पिढीतला माणूस विरळा. कारखान्याचे नाव यावरून कळत नाही, घराची आवड मात्र कळते. असा ठिपका खरवडून काढण्याचे काहीच कारण नाही.

दुरुस्तीचे थर

आता त्या ‘मूळ’ शब्दाकडे येऊ. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीने फिलिप्सच्या सहकार्याने १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनविण्यास सुरुवात केली. त्यामुळे ‘बीईएल’ छापलेला व्हॉल्व्ह आत दिसला तर दोन शक्यता राहतात : रेडिओ १९६१ नंतरचा आहे, किंवा जुन्या रेडिओत त्यानंतर कधीतरी तो बदली घातला गेला. चारही व्हॉल्व्ह बीईएलचे असतील तर पहिली शक्यता अधिक. तीन परदेशी आणि एकच बीईएलचा असेल तर दुसरी. स्पीकरला जोर देणारा आणि एसीचे डीसी करणारा हे दोन व्हॉल्व्ह सर्वाधिक तापतात व लवकर जातात. तेव्हा तारखेसाठी त्यांच्यावर भिस्त ठेवू नये, उरलेल्यांना साक्षीला बोलवावे.

चॅसिसच्या खालच्या बाजूस तर दुरुस्तीची रोजनिशीच असते. कारखान्यातील डाग एका हाताचे, सारखे आणि तारा नीट वळविलेल्या. नंतरचे डाग ओघळलेले, कधी जुन्या कंडेन्सरची टोके तशीच ठेवून त्यांवर नवा जोडलेला. कापडी किंवा रबरी आवरणाच्या तारांमध्ये एखादी चकचकीत प्लॅस्टिकची तार दिसली की ती पाहुणी समजावी. कोठे गल्लीतल्या कारागिराने हाताने गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर असतो, कोठे सात पायांच्या बैठकीच्या जागी कानस लावून मोठे केलेले नऊ पायांचे भोक. परदेशी संग्राहक अशा रेडिओला ‘बिघडविलेला’ म्हणतील. आयातीवर निर्बंध होते, सुटे भाग मिळत नव्हते आणि तरीही रेडिओ चालू ठेवणे भाग होते, त्या काळातील मेकॅनिकांची कल्पकता ज्यांना ठाऊक आहे ते तसे म्हणणार नाहीत. पुनरुज्जीवनाच्या नावाखाली हे सर्व खरवडून नवे करण्यापूर्वी निदान छायाचित्रे काढून ठेवावीत.

पेटी आणि चॅसिस एकमेकांचे आहेत ना, हेही पाहावे. चॅसिस बसविण्याची भोके जुळतात का, बटणांचे दांडे पेटीच्या छिद्रांच्या मध्यावर येतात का, डायलचा काटा काचेच्या दोन्ही टोकांपर्यंत पोहोचतो का, एवढ्यावरून पुष्कळ कळते. जुन्या लाकडी पेटीत आधुनिक इलेक्ट्रॉनिक सर्किट बसवून ‘अँटिक’ म्हणून विकण्याचा धंदा आज जोरात आहे. शोभेची वस्तू म्हणून तो घेण्यास हरकत नाही. मात्र व्हॉल्व्ह रेडिओची किंमत देऊन तो घेऊ नये.

कारखान्याचे नाव ठरविताना भारतातील मोजक्या मोठ्या उत्पादकांचा वृत्तांत माहीत असलेला बरा. फिलिप्सने कलकत्त्यात १९४८ पासून रेडिओ बनविले आणि १९५९ मध्ये पुण्याजवळ दुसरा कारखाना काढला. मर्फीचा कारखाना ठाण्यात होता. त्याच्या जाहिरातीतील बाळाला आजही लोक ओळखतात. टाटांच्या नॅशनल रेडिओ अँड इंजिनिअरिंग कंपनीची स्थापना १९४० ची. इंग्लंडच्या एको कंपनीशी संबंध जुळल्यावर ती ‘नॅशनल एको’ या नावाने घराघरांत पोहोचली आणि पुढे नेल्को झाली. त्यामुळे इंग्रजी नाव दिसले म्हणून रेडिओ विलायती, असे समजू नये. पुठ्ठ्याच्या कोपऱ्यातील ‘मेड इन’नंतरची अक्षरे वाचावीत.

डिस्पोजलचा माल

काही पेट्या मात्र वरीलपैकी कशातच बसत नाहीत. लाकूड नाही, गावांची नावे नाहीत. काळा किंवा हिरवट खरबरीत रंग, जाड पत्रा, अनेक पिनांची सॉकेटे आणि उचलताना पाठीला जाणवणारे वजन. असे यंत्र बहुधा दुसऱ्या महायुद्धातील असते. युद्ध संपल्यावर लष्कराची शिल्लक सामग्री ‘डिस्पोजल’ म्हणून विकली गेली आणि शहरोशहरीच्या जुन्या बाजारांत पोहोचली. हौशी रेडिओचालकांनी म्हणजेच ‘हॅम’ मंडळींनी, तसेच हुशार विद्यार्थ्यांनी तिचे सोने केले.

लष्करी यंत्रावर कंपनीचे नाव मुद्दामच नसते. सरकारी खूण असते. जाड बाणाच्या टोकाची खूण म्हणजे ब्रिटिश सरकारची मालमत्ता. मुकुट आणि ‘एएम’ ही अक्षरे म्हणजे ब्रिटिश हवाई मंत्रालय. ‘१०डी’ने सुरू होणारा क्रमांक त्याच हवाई दलाच्या रेडिओसामग्रीचा. ‘झेडए’ने सुरू होणारा क्रमांक ब्रिटिश लष्कराच्या भांडाराचा. व्हॉल्व्हचीही नावे तेथे बदलतात : हवाई दलाचा ‘व्हीआर ९१’ म्हणजे बाजारातील ईएफ ५०. लँकेस्टर बॉम्बफेकी विमानातील आर ११५५ हा ग्राही आणि त्याचा जोडीदार टी ११५४ हा प्रक्षेपक यांची जोडी प्रसिद्ध आहे. प्रक्षेपकाची लाल, निळी व पिवळी मोठी बटणे एकदा पाहिली की विसरत नाहीत. रणगाड्यांतील ‘वायरलेस सेट नंबर १९’ याहून सहज ओळखता येतो. त्याच्या कॅनडात बनलेल्या अनेक नगांवर प्रत्येक बटणाखाली इंग्रजीबरोबर रशियन अक्षरेही आहेत, कारण हे संच मदत म्हणून सोव्हिएत संघालाही धाडले जात. रशियन लिपी पाहून यंत्र रशियन समजण्याची चूक येथे सहज होते.

अमेरिकी सामग्रीत ‘एससीआर’ म्हणजे संपूर्ण संच आणि ‘बीसी’ म्हणजे त्यातील एक घटक. १९४३ पासून तेथे भूदल व नौदल यांची संयुक्त नामपद्धती आली. ‘एएन/जीआरसी-९’ या नावात ‘जी’ म्हणजे जमिनीवरचा, ‘आर’ म्हणजे रेडिओ, ‘सी’ म्हणजे दुतर्फी संभाषणाचा आणि ९ हा क्रमांक. पहिले अक्षर ‘ए’ असते तर तो विमानातला.

अशा यंत्रात ग्राही कोणता आणि प्रक्षेपक कोणता, हे आधी ठरविले पाहिजे. माथ्यावर धातूची टोपी असलेला ८०७ सारखा दणकट व्हॉल्व्ह, अँटेनातील प्रवाह दाखविणारा मीटर, मोर्सच्या चावीसाठी जागा, या प्रक्षेपकाच्या खुणा. हा भेद केवळ पांडित्याचा नाही. १९३३ च्या कायद्याने आपल्याकडे बिनतारी यंत्र बाळगण्यासाठीच परवाना आवश्यक केला होता. २०२३ मध्ये नवा दूरसंचार कायदा संमत झाला. प्रक्षेपक परवान्याविना चालविणे हा गुन्हा आहे. तेव्हा असे यंत्र सापडल्यास ते चालू करू नये आणि विकण्या-देण्यापूर्वी दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेकडे नियमांची विचारणा करावी.

आणखी एक सावधगिरी. त्या काळातील लष्करी मीटरांचे काटे व आकडे अंधारात दिसावेत म्हणून रेडियमयुक्त रंगाने रंगविलेले असत. चमक केव्हाच मावळली तरी रेडियम तेथेच असते; त्याचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षांचे आहे. मीटरची काच उघडणे किंवा तो तपकिरी झालेला रंग खरवडणे कटाक्षाने टाळावे.

पेटीबाहेरचे पुरावे

यंत्राने सांगावयाचे ते सांगून झाल्यावर घरातील ट्रंका उघडाव्यात. रेडिओ बाळगण्यासाठी एकेकाळी टपाल कार्यालयातून परवाना घ्यावा लागे आणि दरवर्षी शुल्क भरून त्याचे नूतनीकरण करावे लागे. ही पद्धत १९८० च्या दशकात संपुष्टात आली. ते छोटे पुस्तक पुष्कळ घरांत रेशनकार्डाच्या व जुन्या पासबुकांच्या गठ्ठ्यात अजून पडून असते. त्यातील पहिल्या वर्षाचा टपालाचा शिक्का म्हणजे त्या घरी रेडिओ असल्याची निर्विवाद तारीख. ती व्हॉल्व्हवरील तारखेनंतरची असेल तर सर्व जुळले. आधीची असेल तर घरात दोन रेडिओ होऊन गेले, किंवा व्हॉल्व्ह बदलला. मागच्या पुठ्ठ्याला विक्रेत्याची पत्र्याची चकती चिकटलेली असते. तिच्यावरील दूरध्वनी क्रमांक किती आकडी आहे यावरूनही दशकाचा अंदाज येतो. कौटुंबिक छायाचित्रे तर बारकाईने पाहावीतच. रेडिओ ही मिरविण्याची वस्तू असल्यामुळे बारशाच्या किंवा सत्यनारायणाच्या छायाचित्रात तो कोपऱ्यात, विणलेल्या रुमालाखाली, उभा असलेला सापडतो. आणि पुढे गळून पडलेली ती नावाची पट्टी तेथे अजून जागेवर असते.

ओळख पटल्यावर पुढील काम जाणत्या मेकॅनिकचे. तो मालिकेत दिवा जोडून, वीज हळूहळू देऊन यंत्र तपासील, आणि तत्पूर्वी गळके कंडेन्सर बदलील. त्याच्या हाती पेटी देताना सोबत एक कागद द्यावा : मॉडेल, व्हॉल्व्हची नावे व जागा, वाचलेले संकेत, आणि कोणती गोष्ट कशावरून ठरविली ते. त्याच कागदाची एक प्रत लिफाफ्यात घालून, वर तारीख टाकून, पेटीच्या आत बाजूच्या फळीला लावून ठेवावी. एसीचे डीसी करणाऱ्या व्हॉल्व्हपासून मात्र दूर, कारण तो चांगलाच तापतो.